शेंडेमर: आंबा, पेरू, संत्रा आणि द्राक्षवेलीची वाळती फांदी कुठे, कधी आणि कशी कापायची

पावसाळा उतरून ऊन पडायला लागलं, की इंदूरच्या जुन्या वस्त्यांतून एक प्रश्न हमखास कानावर येतो: आंब्याची फांदी शेंड्याकडून वाळत चालली आहे, काय फवारू? रामबाग असो, लोकमान्य नगर असो की राजेंद्र नगर, अंगणात आजोबांच्या हातचा आंबा, कुंपणाशी पेरू-लिंबू आणि हौसेनं चढवलेला द्राक्षाचा वेल असलेली घरं अजून बरीच आहेत. माळी येतो, मान वर करून बघतो आणि "बाबूजी, दीमक लगी है" (वाळवी लागली आहे) म्हणून मोकळा होतो. मग दुकानातून बाटली येते, फवारणी होते, आणि पुढच्या चैत्रात वाळलेला भाग हातभर आणखी खाली सरकलेला असतो.

फवारा वाया जातो याचं कारण साधं आहे. हा रोग म्हणजे शेंडेमर, आणि तो आणणारी बुरशी पानावर नसते, लाकडाच्या आत असते. पानांवर मारलेलं तांब्याचं बुरशीनाशक सालीवरच राहतं, आतपर्यंत पोचत नाही. या रोगावरचा खरा उपाय म्हणजे करवत. ती कुठे चालवायची, कोणत्या महिन्यात चालवायची आणि कापलेल्या जागेला काय लावायचं, एवढं नीट जमलं तर बहुतेक झाडं सावरतात. नाही जमलं, तर करवतच रोग पसरवते.

आधी खात्री करा

शेंडा वाळण्याची कारणं पुष्कळ. बुरशी समजून फांद्या कापत सुटण्याआधी झाडाखाली दहा मिनिटं उभं राहून नीट बघा.

खोडावर किंवा फांदीवर भोक आणि त्याखाली भुसा पडलेला दिसला, तर तो भिरूड, म्हणजे खोडकिडा. सालीवर रेशमी जाळी आणि तिच्यात अडकलेली विष्ठा दिसली, तर साल खाणारी अळी. पेरूवर ती फार. फांदीवर वेगळ्याच, जाडसर पानांचा झुपका असेल आणि त्याच्या पुढचा भाग वाळत असेल, तर बांडगूळ. वाळवीची माती सालीवर दिसली म्हणून लगेच वाळवीला दोषी धरू नका. वाळवी बहुतेक वेळा मेलेल्या लाकडावर मागाहून चढते, आणि आपल्या माळ्यांची गल्लत होते ती इथेच.

जानेवारीत माळव्यात एखाद्या रात्री पाला, म्हणजे गोठलेलं दव, पडतो, आणि सकाळी आंब्याची कोवळी फूट, पपई, केळी एकदम करपतात. हा रोग नव्हे. तेव्हा लगेच कात्री चालवू नका. फेब्रुवारीअखेर नवी फूट कुठून येते ते दिसू द्या आणि मग मेलेलं तेवढं काढा.

पेरूचं अख्खं झाड भादव्या-अश्विनात पिवळं पडून काही आठवड्यांत वाळलं, खोडाची साल खालून तडकली, तर तो मर रोग. फ्युजेरियम नावाची जमिनीतली बुरशी मुळांतून चढते. छाटणीनं तो थांबत नाही. संत्र्या-लिंबाच्या खोडाला जमिनीलगत डिंक सुटला असेल आणि खालची साल कुजकी लागत असेल, तर तो डिंक्या. तो फायटोप्थोरा नावाच्या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होतो आणि त्याचं मूळ बुंध्याशी साचणाऱ्या पाण्यात असतं. संत्र्याच्या बाबतीत थोडं जास्त सावध राहावं लागतं. आगर, शाजापूरकडच्या बागांत शेंडे वाळण्यामागे जस्ताची कमतरता, सूत्रकृमी, ट्रिस्टेझा विषाणू, ग्रीनिंग नावाचा जिवाणूजन्य रोग आणि काळ्या जमिनीतलं साचलेलं पाणी यांपैकी काहीही असू शकतं, किंवा एकाच झाडावर दोन-तीन कारणं एकत्र. तिथे वाळलेली फांदी कापणं योग्यच, पण तेवढ्यानं भागत नाही.

आता आपल्या रोगाची लक्षणं. आंब्यात फांदीच्या टोकाकडची साल आधी काळसर होते. पानं तपकिरी पडतात, कडा वर वळतात, आणि वाळूनही बराच काळ फांदीला लटकत राहतात. हिरव्यागार झाडात असा एक तपकिरी झुपका लांबूनही दिसतो. पुढे फांदीला सुरकुत्या पडतात, कधी डिंकाचे थेंब येतात. जुन्या मेलेल्या सालीवर हात फिरवला तर टाचणीच्या टोकाएवढे काळे, खरखरीत उंचवटे लागतात. ती बुरशीची बीजाणूंची घरं.

आणखी एक खूण घरातच मिळते. झाडावरून उतरवलेले आंबे आढीत पिकताना देठाकडून काळे पडून सडत असतील, तर ती देठकूज बहुधा याच बुरशीची. अशी फळं देणाऱ्या झाडाच्या फांद्या आधी तपासा.

शेवटची आणि सगळ्यात भरवशाची चाचणी चाकूची. वाळलेल्या टोकापासून खाली येत नखानं किंवा चाकूच्या टोकानं सालीवर हलका ओरखडा काढत जा. साल खरवडल्यावर आत हिरवं-ओलं दिसलं की थांबा. तिथली पेन्सिलीएवढी डहाळी तोडून उभी चिरा. निरोगी लाकूड पांढरट-पिवळसर असतं. रोग असेल तर सालीच्या आत, लाकडातून खाली उतरणाऱ्या तपकिरी रेघा दिसतात, आणि त्या ओरखड्यातल्या हिरव्या सीमेच्याही खाली गेलेल्या असतात. बाहेरून साल जिवंत आणि आत लाकूड डागाळलेलं, हाच इथला फसवा भाग. लोक वाळलेलं संपतं तिथे कापतात आणि बुरशी मागे ठेवून येतात.

बुरशी आत शिरते कशी

आपल्याकडच्या उष्ण हवेत आंबा, पेरू, सीताफळ, लिंबूवर्गीय झाडं, अगदी अंगणातला गुलाब, या सगळ्यांवर शेंडेमर आणणाऱ्या बुरशींत लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी ही प्रमुख. जुन्या पुस्तिकांत हिचंच नाव बोट्रिओडिप्लोडिया असं छापलेलं सापडतं. लिंबूवर्गीय झाडांत आणि पेरूत कोलेटोट्रायकम ही दुसरी बुरशीही कोवळे शेंडे मारते.

लॅसिओडिप्लोडियाला साधारण 28 ते 30 अंश तापमान मानवतं, आणि आपला पावसाळा म्हणजे नेमका तोच पट्टा. मेलेल्या सालीवरच्या काळ्या ठिपक्यांतून पावसाच्या थेंबांबरोबर बीजाणू उडतात आणि ताज्या जखमेवर पडतात. जखम छाटणीची असो, वादळात फांदी फाटल्याची असो, काठीनं आंबे झोडल्याची असो, की किड्यानं पाडलेली. आत शिरल्यावर ती लगेच काही करेलच असं नाही. निरोगी फांदीत ही बुरशी कित्येक महिने काहीही न दाखवता राहू शकते. झाड उन्हाच्या तडाख्यानं, पाण्याच्या ताणानं किंवा मुळं गुदमरल्यानं कमजोर झालं, की ती हातपाय पसरते. म्हणून शेंडेमर दिसली की प्रश्न दोन असतात: जखम कुठली, आणि झाडाला ताण कसला. दुसरा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही.

कापायची वेळ

नियम एकच: कोरडं आकाश. कापल्यानंतर पुढचे दोन आठवडे पाऊस नको, कारण जखम त्याच काळात सगळ्यात उघडी असते.

इंदूरला मोसमी पाऊस साधारण जूनच्या मध्यानंतर येतो आणि सप्टेंबरअखेरीस ओसरतो. तेव्हा मेलेलं लाकूड काढायला दोन खिडक्या मिळतात. पहिली ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. मला हीच जास्त पसंत. पावसाळ्यातली नवी लागण तोवर दिसायला लागलेली असते, जमिनीत ओल असते आणि ऊन सौम्य असतं. दुसरी मार्च-एप्रिलची. पावसाळ्याआधी रोगट फांद्या उतरल्या, की बीजाणूंचा साठाच कमी होतो. मात्र उन्हाळ्यात मोठी फांदी काढली तर तोवर सावलीत असलेली साल एकदम मेच्या उन्हात येते, भाजते, फुटते, आणि त्या फटीतून पुन्हा तीच बुरशी आत. म्हणून एप्रिलमध्ये कापलंत तर उघड्या पडलेल्या खोडावर, विशेषतः पश्चिमेच्या बाजूनं, चुन्याचा पांढरा हात मारा.

अडचण येते ती आंब्याची. शास्त्राप्रमाणे आंब्याची छाटणी फळं उतरल्याबरोबर करायची, आणि माळव्यात फळं उतरतात तेव्हा पाऊस दारात उभा असतो. माझं मत असं: आकार देण्याची हलकी छाटणी फळं उतरल्यावर, उघडीप बघून, त्याच दिवशी बोर्डो पेस्ट (कृती पुढे दिली आहे) लावून उरकावी. शेंडेमर झालेल्या झाडाची मोठी कापाकापी मात्र पावसात करूच नये, ऑक्टोबरपर्यंत थांबावं. मेलेली फांदी काढल्यानं मोहोर कमी होत नाही, कारण तिच्यावर तो येणारच नव्हता. ऑक्टोबरात जिवंत फांद्या मात्र उगाच छाटू नका. त्यांच्याच टोकांवर पुढचा मोहोर धरायचा असतो.

संत्र्या-लिंबाची वाळलेली काडी फळं निघाल्यावर आणि नव्या फुटीआधी काढावी. पेरूला एप्रिल-मे चालतो.

करवत

धारदार छाटणीची कात्री, वाकडी हातकरवत, आणि उंच झाड असेल तर लांब दांड्याची करवत. बोथट कोयता नको. कोयत्यानं फांदी तुटते, साल चिरफाळते, आणि चिरफाळलेली साल भरून यायला फार वेळ घेते. सोबत औषधाच्या दुकानातल्या सर्जिकल स्पिरिटची बाटली आणि फडकं. प्रत्येक रोगट कापानंतर पातं पुसायचं. कंटाळवाणं आहे खरं, पण माळ्याला कामाआधीच सांगून ठेवा आणि फडकं त्याच्या खांद्यावरच टाका. ब्लीचचं पाणीही चालतं, फक्त त्यानं पातं गंजतं. काम झालं की धुऊन तेल लावा.

आधी झाडावरच्या निरोगी भागाची छाटणी असेल ती उरका, रोगट फांद्या शेवटी.

कापायचं कुठे? तपकिरी रेघ जिथे संपते तिथून आणखी तीन-चार इंच खाली. पहिला काप घेतला की कापाचा पृष्ठभाग बघा. गोल चकतीत कुठेही तपकिरी डाग किंवा केंद्राकडे निमुळता होत गेलेला पाचरीसारखा गडद भाग दिसला, तर अजून खाली जा. स्वच्छ, एकरंगी लाकूड येईपर्यंत. जवळ आलेला सांधा, म्हणजे दुसऱ्या निरोगी फांदीचा फाटा, मिळाला तर थेट त्याच्यापर्यंतच जावं. मधेच खुंट ठेवला तर तो वाळतो, आणि बुरशीला परत उतरायला जिना मिळतो.

फांदी जिथे खोडाला मिळते तिथे तिच्या बुडाशी एक फुगीर कडं असतं. काप त्या कड्याच्या लगेच बाहेर, किंचित तिरका, पाणी ओघळून जाईल असा. कडं कापू नका आणि खोडाशी सपाटही करू नका. जखम भरून आणणारी नवी साल त्या कड्यातूनच येते. मनगटापेक्षा जाड फांदी एका कापात कधीच पाडू नये. स्वतःच्या वजनानं ती खाली येताना खोडाची साल लांबलचक सोलून नेते. आधी सांध्यापासून हातभर बाहेर खालच्या बाजूनं एक तृतीयांश काप, मग त्याच्या थोडं पुढे वरून काप घेऊन फांदी उतरवायची, आणि उरलेला खुंट तिसऱ्या कापात कड्यालगत काढायचा. घरावर किंवा विजेच्या तारेवर झुकलेली फांदी असेल तर दोर बांधणारा, वर चढायची सवय असलेला माणूस बोलवा. तिथे हौस नको.

एका हंगामात झाडाचा एक चतुर्थांशापेक्षा जास्त हिरवा भाग जाणार असेल, तर काम दोन टप्प्यांत विभागा. सगळ्यात रोगट भाग यंदा, उरलेला पुढच्या वेळी.

बोर्डो पेस्ट, घरच्या बादलीत

कापाला काय लावायचं यावर मतं भरपूर. डांबर लावणारे आहेत, शेण-माती लावणारे आहेत, घरातला उरलेला ऑइलपेंट लावणारेही आहेत. डांबर आणि पेंट मी लावत नाही. त्याखाली ओल अडकते आणि साल करपते. अमेरिकेच्या वनखात्यातले अॅलेक्स शिगो यांनी झाडांची खोडं चिरून चिरून दाखवून दिलं, की जखमेवर लेप लावल्यानं आतली कूज थांबत नाही. झाड स्वतःच आत भिंत घालून ती रोखतं. हे पटण्यासारखंच आहे. पण शेंडेमरीच्या बाबतीत प्रश्न आधीपासूनच्या कुजीचा नसतो, ताज्या जखमेवर नवे बीजाणू रुजू नयेत याचा असतो, आणि तिथे बुरशीनाशक लेपाचा उपयोग होतो. म्हणून बोर्डो.

हे मिश्रण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्सच्या बोर्डो भागात द्राक्षांवरच्या केवडा रोगासाठी पुढे आलं. मिलार्दे या शास्त्रज्ञानं 1885 मध्ये त्याचा प्रसार केला. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेटचे निळे खडे, आणि चुना, एवढंच त्यात. इंदूरच्या छावनीतल्या दुकानात मोरचूद मागितलंत तर दुकानदार तोंडाकडे बघेल. "नीला थोथा" म्हणा. चुना कळीचा हवा, खड्यांचा. हवा लागून भुकटी झालेला चुना कामाचा नाही.

घरच्या चार-पाच झाडांना एक लिटर पेस्ट पुरते: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना, 1 लिटर पाणी. हे प्रमाण 10 टक्क्यांचं, फक्त खोडाला आणि कापाला. पानांवर फवारायचं असेल तर 1 टक्क्याचं, म्हणजे तेवढ्याच 100-100 ग्रॅमला 10 लिटर पाणी.

भांडी प्लास्टिकची किंवा मातीची. लोखंडी बादलीला मोरचूद खातं आणि मिश्रणही बिघडतं. रात्री मोरचूद कापडाच्या पुरचुंडीत बांधून अर्धा लिटर पाण्यात वरच्या वर लटकवून ठेवा. तळाशी टाकलेला मोरचूद लवकर विरघळत नाही. लटकवलेल्या पुरचुंडीतून मात्र निळे धागे सावकाश खाली उतरताना दिसतात आणि सकाळपर्यंत पाणी गर्द निळं होतं. दुसऱ्या भांड्यात चुन्यावर थोडं थोडं पाणी शिंपडत तो फोडा. तो उकळतो, उडतो, म्हणून डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. फुटून थंड झाल्यावर उरलेलं पाणी घालून गाळा. मग निळं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता आणि काठीनं ढवळत राहा. उलटं करू नका, गुठळ्या होतात. दोन्ही पूर्ण थंड असू द्या.

रंग आकाशी यायला हवा. आता एक चकचकीत लोखंडी पातं, जुना चाकू चालेल, मिश्रणात अर्धा मिनिट बुडवून बाहेर काढा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त आहे. चुन्याचं पाणी थोडं थोडं घालत, पातं स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पाहा. ही चाचणी टाळलीत तर कोवळी साल जळते.

पेस्ट त्याच दिवशी वापरायची. उरलेली बाटलीत भरून ठेवण्यात अर्थ नाही. ब्रशनं संपूर्ण कापावर आणि कडेच्या दोन-तीन इंच सालीवर जाड हात द्या. काप घेतल्यापासून शक्यतो तासाभरात, फार तर त्याच संध्याकाळी. पावसाळा सुरू होण्याआधी जुन्या कापांवर पुन्हा एक हात. संत्र्या-लिंबाच्या खोडाला जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, हीच पेस्ट लावली तर डिंक्यालाही आळा बसतो. घरी खटाटोप नको असेल, तर बाजारातलं कॉपर ऑक्सिक्लोराइड पाण्यात कालवून लेप करता येतो. फवारणीसाठी त्याचं प्रमाण लिटरला 3 ग्रॅम.

रस्त्याकडेच्या झाडांना गेरू आणि चुन्याचे पट्टे मारतात, त्यांना आणि या पेस्टला एक समजू नका. ते उन्हापासून साल वाचवतात, बुरशी मारत नाहीत. तांबं माशांना घातक असतं, म्हणून बादली धुतलेलं पाणी अंगणातल्या कमळाच्या टाक्यात किंवा विहिरीकडे जाऊ देऊ नका.

फवारणी अगदीच निरुपयोगी आहे असं नाही. छाटणीनंतर आणि पावसाळ्याच्या तोंडावर 1 टक्का बोर्डोची एक-एक फवारणी नव्या फुटीला संरक्षण देते. फक्त मोहोर असताना नको, आणि दुसऱ्या कुठल्याही औषधात मिसळून नको.

कापलेल्या फांद्या

कापून त्याच झाडाखाली रचून ठेवलेल्या फांद्या म्हणजे पुढच्या पावसाळ्यासाठी बीजाणूंचं कोठार. वाळलेल्या काड्या टोमॅटोला टेकू म्हणून, वेलीला आधार म्हणूनही वापरू नका. शहरात उघड्यावर जाळायचं नाही, तेव्हा नगर निगमच्या बागकचऱ्याच्या गाडीत द्या. शेतावर असाल तर जळण म्हणून पावसाळ्याआधी चुलीत संपवा. पानं कंपोस्टात चालतात, जाड रोगट लाकूड नाही.

झाड कमजोर का झालं

इथे इंदूरकरांनी जास्त लक्ष द्यावं असं मला वाटतं. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगाळताना बारीक मुळं तुटतात, फुगताना उरलेली गुदमरतात. त्यावर आपण बंगल्याच्या अंगणात फरशी टाकतो, पेव्हर ब्लॉक बसवतो, आणि बुंध्याभोवती जेमतेम परातीएवढी माती उघडी ठेवतो. पन्नास वर्षांच्या आंब्याला अंगण फरसबंद केल्यानंतर दोन-तीन पावसाळ्यांत शेंडेमर लागली, तर बुरशीला शिव्या देण्यात फारसा अर्थ नाही.

फरशी काढणं शक्य असेल तेवढी काढा, निदान फांद्यांच्या सावलीच्या अर्ध्या घेरापर्यंत. बुंध्यावर माती किंवा विटांचा चौथरा चढवला असेल तर तो उतरवा. खोडाचा पाया, जिथे ते रुंद होत जमिनीत जातं, तो दिसला पाहिजे. आळं खोडाला लागून नको. पाणी सावलीच्या कडेला द्या, कारण पाणी पिणारी मुळं तिथे असतात. हिरवळीचा फवारा रोज संध्याकाळी खोड भिजवत असेल तर त्याचं तोंड फिरवा. मे महिन्यात मोठ्या झाडाला आठवड्यातून एकदा भरपूर पाणी आणि वर वाळक्या पानांचं आच्छादन, हे रोजच्या चार तांब्यांपेक्षा कितीतरी बरं. युरियाचा मारा करून हिरवी फूट आणू नका. ती कोवळी फूट बुरशीला सोपी जाते.

शेणखतातून ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशींना दाबणारी उपयोगी बुरशी, द्यावं. 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात 1 किलो ट्रायकोडर्मा मिसळून सावलीत, ओलसर गोणपाटाखाली आठवडा-दोन आठवडे ठेवा, मधून खालीवर करा. पांढरट-हिरवट बुरशी वर दिसली की झाडाच्या सावलीच्या घेरात मातीत मिसळा. त्याच आठवड्यात जमिनीवर तांबं ओतू नका, ट्रायकोडर्मा हीदेखील बुरशीच आहे.

कंपोस्टाच्या बाबतीत इंदूरला तसा मान आहेच. इथल्या वनस्पती उद्योग संस्थेत, म्हणजे आजच्या कृषी महाविद्यालयाच्या पूर्वज संस्थेत, अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी 1920 च्या दशकात शेतातला काडीकचरा, शेण आणि माती थरांत रचून, खालीवर करून खत करण्याची जी रीत बसवली, ती जगभर इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. त्याच शहरात वाळकी पानं पोत्यात भरून दारात ठेवायची आणि खताची पिशवी विकत आणायची, हे जरा विचित्रच.

द्राक्षवेल

रतलामकडे द्राक्षाच्या बागा आहेत, आणि इंदुरात गच्चीवर वेल चढवणारेही कमी नाहीत. वेलीत हा रोग आणखी चिवट, कारण वेल दर वर्षी छाटावीच लागते. दर वर्षी शेकडो ताज्या जखमा.

परदेशी माहिती वाचताना एक भेद लक्षात ठेवा. कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया, फ्रान्सकडे युटायपा लाटा नावाची बुरशी बदनाम आहे. ती थंड, ओल्या हिवाळ्याची. वसंतात वेलीला आखूड पेरांची, बारीक, वाटीसारख्या वळलेल्या पिवळट पानांची फूट येते आणि ओलांडा, म्हणजे वेलीचा आडवा जाड हात, कापला की त्यात गडद पाचर दिसते. दुसरा रोग एस्का. त्यात पानावर शिरांच्या मधे पिवळे-तपकिरी पट्टे येतात. एस्कावर फ्रान्समध्ये पूर्वी सोडियम आर्सेनाइट वापरत. विषारीपणामुळे 2001 मध्ये त्यावर बंदी आली, आणि त्याच्या तोडीचं दुसरं औषध त्यानंतर मिळालेलं नाही. आपल्याकडच्या उष्ण हवेत वेलीचा ओलांडा मारणारी मुख्यतः तीच लॅसिओडिप्लोडिया आणि तिची भावंडं. पानांवर ठळक खुणा येतीलच असं नाही. छाटणीनंतर एखाद्या ओलांड्यावरचे डोळे फुटतच नाहीत, एवढंच दिसतं.

महाराष्ट्राच्या पद्धतीनं एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळांसाठी) होते. एप्रिलची छाटणी कोरड्या हवेत पडते, तिची काळजी कमी. ऑक्टोबरची मात्र परतीच्या पावसाच्या तावडीत सापडते. हवामानखात्याचा अंदाज पावसाचा असेल तर छाटणी चार दिवस पुढे ढकला. मेलेला ओलांडा काढायचा असेल तर तो गोडी छाटणीत नको, खरड छाटणीत काढा. अंगठ्यापेक्षा जाड प्रत्येक कापाला त्याच दिवशी पेस्ट. बारीक काड्यांच्या हजारो कापांना ब्रश लावणं शक्य नसतं. तिथे छाटणी संपताच 1 टक्का बोर्डोची फवारणी ओलांड्यांवर घ्यावी. आणि मोठी जखम होईल अशी छाटणी मुळात कमी करा: काडी कोवळी असतानाच नको ती फूट खुडली, तर पुढे करवत लागत नाही.

वेल अर्धी मेली असेल तरी उपटू नका. खोडावर खालून वर चाकूनं तपासत या. डाग जिथे संपतो त्याच्या तीन-चार इंच खाली खोड सरळ कापा, अगदी गुडघ्याएवढं ठेवावं लागलं तरी, आणि खालून येणारी एक जोमदार फूट नवं खोड म्हणून बांबूला बांधून वर न्या. दोन हंगामांत मांडव भरतो, कारण मुळं जुनी आणि मोठी असतात. कलमी वेल असेल तर ही फूट कलमाच्या सांध्याच्या वरून आलेली हवी. खालची घेतलीत तर ज्याच्यावर कलम बांधलेलं असतं त्या डॉगरिजसारख्या खुंटाची वेल वाढेल आणि द्राक्षं येणार नाहीत.

कापल्यानंतर

पुढच्या फुटीत कापाच्या कडेनं फुगीर सालीचं वर्तुळ आत सरकताना दिसलं, तर काम जमलं. पेस्टच्या खाली पुन्हा साल काळी पडत असेल, तर काप वर पडला. ऑक्टोबरात परत खाली जा. मुख्य खोडातच डाग उतरलेला असेल आणि निम्म्याहून जास्त घेर मेलेला असेल, तर आंबा वाचवण्याचा हट्ट सोडावा. शहराच्या हद्दीत अख्खं झाड तोडायला 2001 च्या वृक्ष परिरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, स्वतःच्या अंगणातलं असलं तरी. नवं रोप त्याच खड्ड्यात लावू नका, आणि घेताना कलमाचा सांधा नखानं तपासा. सांध्यावर काळा डाग किंवा डिंक असेल तर ते रोप रोपवाटिकेतच राहू द्या.

निदानाची खात्री होत नसेल तर नमुना कृषी महाविद्यालयात किंवा कस्तुरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. पण पूर्ण वाळलेली काटकी नेऊ नका. तिच्यावर नंतर आलेल्या सतरा बुरशी असतात आणि मूळची सापडत नाही. जिवंत आणि मेलेल्या लाकडाची सीमा मधे येईल असा वीतभर तुकडा कापा, वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, आणि त्याच दिवशी पोचवा. सोबत अख्ख्या झाडाचा आणि बुंध्याचा फोटो, शेवटची छाटणी कधी झाली आणि अंगणात फरशी कधी बसवली, हेही लिहून न्या.